एकदाही नापास न झालेली विद्यार्थिनी

गणिताचे आणि माझे कधी जमले नाही, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. मराठी शिकवणाऱ्या बाईने गणितावर लेख लिहावा हे पाहून आमच्या कॉलेजातील गणिताचे सहकारी कपाळाला हात लावतील. आणि माझे शाळेतले गणिताचे मास्तर आज हयात असते, तर त्यांनी लेख न वाचताच लाल शाईचे पेन काढले असते. दहावीला मी गणितात काठावर पास झाले. पुढे ज्या शाखेत गणित नाही ती शाखा घेतली आणि घरी सांगताना 'मला वाङ्मयाची आवड आहे' असे सांगितले. आवड होती, हे खोटे नव्हे. पण ती आवड पळून जाण्याच्या कामी फार उपयोगी पडली, हेही तितकेच खरे.

माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली ताई अगदी उलट. एकाच घरात, एकाच दिव्याखाली आम्ही दोघींनी अभ्यास केला. ती गणितात एम. एस्सी. झाली. लग्नानंतर ती अमेरिकेत गेली आणि आज बरीच वर्षे कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. २०२५ च्या मे महिन्यात सुटी लागताच मी तिच्याकडे गेले. लोक अमेरिकेला जाऊन नायगारा पाहतात. मी ताईच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे मला एक विद्यार्थिनी भेटली. हा लेख तिच्यामुळे लिहिला जात आहे.

बाई पस्तिशीची असावी. रात्री एका वृद्धाश्रमात मदतनिसाचे काम करायची आणि सकाळी तशीच, कामावरचे कपडे न बदलता, वर्गात येऊन बसायची. तिला नर्स व्हायचे होते. ही इच्छा आजकालची नव्हे. कॉलेजात तिने पहिल्यांदा नाव घातले ते २००९ साली. पहिल्याच दिवशी, मी ताईची बहीण आणि गणिताला भिणारी आहे असे कळल्यावर, ती माझ्याशेजारी येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली, "तुम्हाला एक गंमत सांगू? मी गणितात एकदाही नापास झालेली नाही."

एकदाही नापास न होता जी बाई सोळा वर्षे गणितात अडकून पडते, ती अडकते तरी कशी? याचे उत्तर शोधायचे म्हणजे आधी त्या कॉलेजांची ओळख करून घ्यायला हवी.

उघडे दार आणि आतला जिना

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेतली मोठी उदार संस्था आहे. यांतले सर्वांत जुने कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट या गावी १९०१ साली निघाले. आज देशभर अशी हजारावर कॉलेजे आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या मानाने थोडी फी, आणि दार सर्वांना उघडे. गुणांची अट नाही, वयाची नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि पन्नाशीतला ट्रक ड्रायव्हर एकाच बाकावर बसतात. इथे दोन वर्षे काढून पुढे विद्यापीठात जाता येते, किंवा नर्सिंगसारखा व्यवसाय शिकता येतो.

दार असे उघडे. पण कित्येक वर्षे त्या दाराच्या आत एक जिना होता. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आधी संगणकावर एक परीक्षा द्यावी लागे. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण, चुकले की सोपा. तासाभरात निकाल. या परीक्षेसाठी अभ्यास करायचा असतो हे कित्येकांना कुणी सांगतही नसे. त्या निकालावर ठरे की हा विद्यार्थी कॉलेजच्या खऱ्या गणिताला बसणार, की त्याच्या खालच्या एखाद्या पायरीवर. खाली चार पायऱ्या असत : अंकगणित, त्यावर बीजगणिताची पूर्वतयारी, त्यावर प्राथमिक बीजगणित, आणि त्यावर मध्यम बीजगणित. प्रत्येक पायरी एका सहामाहीची. फी रीतसर भरायची, परीक्षा द्यायची. पण पदवीच्या हिशेबात यांतली एकही पायरी मोजायची नाही.

मी भाषेची शिक्षिका, तेव्हा माझे लक्ष नावांकडे गेले. या वर्गांना आधी 'रेमेडियल' म्हणत. आपल्याकडेही शिक्षणखात्याच्या भाषेत 'उपचारात्मक अध्यापन' असा शब्द आहे. उपचार म्हटला की विद्यार्थी आपोआप रोगी ठरतो. हे तिथल्या लोकांनाही खटकले असावे. कारण पुढे 'डेव्हलपमेंटल', म्हणजे विकासाचे, असे गोड नाव रूढ झाले. नाव बदलले, जिना तोच राहिला. शब्द बदलून माणसाचा अपमान थोडा कमी होतो, त्याचा रस्ता काही लहान होत नाही.

आता आमच्या विद्यार्थिनीची हकीकत. २००९ साली ती रात्रपाळी करून थेट त्या परीक्षेला गेली. अपूर्णांकांचे प्रश्न डोळ्यांपुढे नाचू लागले. निकालाने तिला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. तिने अंकगणित पास केले. बीजगणिताची पूर्वतयारी पास केली. मग मूल झाले, आणि पुढच्या सहामाहीला ती आली नाही. २०१४ साली परत आली, तेव्हा मध्ये फार काळ गेला म्हणून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. या वेळी तिला दुसऱ्या पायरीवर बसवले; म्हणजे जी पायरी ती एकदा चढली होती, तिच्यावरच. तिने ती पुन्हा पास केली. प्राथमिक बीजगणितही पास केले. पुढच्या सहामाहीत संध्याकाळचा वर्ग भरून गेला, आणि दिवसा आजारी आईजवळ कुणी नव्हते. ती पुन्हा घरी बसली.

चार वर्ग पास. पदवीच्या हिशेबात शून्य. आणि नापास एकदाही नाही.

पाकिटावरचे गणित

"हे एकटीचे दुर्दैव समजू नकोस," ताई त्या रात्री स्वयंपाकघरात म्हणाली. "याच्यात गणित आहे. बस इथे." आणि विजेच्या बिलाचे पाकीट उलटे करून तिने आकडे मांडले. ते मी इथे देते. आकडे समजुतीपुरते आहेत, परंतु मला जे समजले ते त्यांच्यामुळेच.

समजा, १०० विद्यार्थी खऱ्या वर्गाच्या तीन पायऱ्या खाली आहेत. शिक्षक चांगले आहेत. प्रत्येक वर्गात शेकडा ७० पास होतात. पास झालेल्यांतले शेकडा ८० पुढच्या सहामाहीला परत येतात. यांतला कुठलाही आकडा वाईट म्हणता येणार नाही. आता चालू लागा. पहिल्या पायरीवर ७० पास. दुसऱ्या पायरीला येतात ५६. त्यांतले ३९ पास. तिसऱ्या पायरीला येतात ३१. त्यांतले २२ पास. खऱ्या वर्गात पोहोचतात १८. त्यांतले पास होतात १२.

शंभरांतले बारा! मी ते पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिले. यात कुणी आळशी नव्हता, कुणी दुष्ट नव्हता. प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गाकडे पाहून समाधानाने म्हणू शकत होता, 'माझ्याकडचे सत्तर टक्के पास झाले.' पायऱ्या नीट होत्या. पायऱ्यांची संख्या माणसे खात होती.

खरी आकडेवारीही याच अंगाने जाते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करणारे एक केंद्र आहे. त्याच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, गणिताच्या जिन्यावर पाठवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच तो जिना पुरा करतात. त्याहून डोळे उघडणारी गोष्ट दुसरी. जे गळाले, त्यांत नापास झालेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गाला नावच न घातलेल्यांची संख्या अधिक होती. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या जातीचेच लोक अधिक. आणि त्याच केंद्राच्या ज्यूडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ साली त्या प्रवेशपरीक्षेचीच परीक्षा घेतली. गणितात सुमारे चारांतल्या एकाला ती परीक्षा अगदी चुकीच्या जागी बसवते, असे त्यांना आढळले. शाळेतल्या वर्षानुवर्षांच्या गुणांकडे पाहिले असते, तर चूक कमी झाली असती. 'कंपास' नावाची अशी एक परीक्षा देशभर चालत असे. ती घेणाऱ्या संस्थेनेच २०१६ साली ती बंद केली.

एकट्याने केलेला अभ्यास

मग उपाय काय? जिना काढून टाकला आणि सर्वांना वर सोडले, एवढ्याने भागेल काय? इथे ताईने मला एक जुनी गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते.

१९७० नंतरच्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाचे तरुण गणिती होते. तिथल्या पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या संख्येने मागे पडत. प्राध्यापकांना कारण विचारावे, तर उत्तरे तयार : इच्छा नाही, पूर्वतयारी नाही, घरची गरिबी, घरात शिक्षणाची कदर नाही. ट्राइसमन यांनी तर्क बाजूला ठेवला आणि विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जवळून पाहायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय वीस आणि चिनी वंशाचे वीस. तयार उत्तरांतले एकही टिकले नाही. त्या मुलांना इच्छा होती, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. फरक निराळाच होता. चिनी मुले आधी एकटी अभ्यास करीत आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. कृष्णवर्णीय मुले नेमाने, प्रामाणिकपणे, आणि एकटी अभ्यास करीत. चुकले तर चूक आपली एकट्याची की गणितच कठीण, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

ट्राइसमन यांनी त्यांना सोपे गणित देऊन खाली बसवले नाही. उलट कठीण उदाहरणे दिली, एकत्र बसवले, आणि या वर्गाला उपचाराचा वर्ग न म्हणता हुशारांचा वर्ग म्हणून नावारूपाला आणले. मुले तरली, पुष्कळ तर चांगली पुढे गेली. मदत होती, पण ती खऱ्या गणिताच्या जोडीने होती, त्याच्या आधी नव्हे.

हाच विचार पुढे न्यूयॉर्कमध्ये तराजूत घालून तोलला गेला. २०१३ साली तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत अलेक्झांड्रा लोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९०७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. हे सर्व जुन्या नियमाने प्राथमिक बीजगणिताला जायला हवे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे तीन गट केले. एक गट नेहमीच्या बीजगणिताला. दुसरा बीजगणिताला, पण आठवड्याच्या सरावतासासह. तिसरा थेट कॉलेजच्या संख्याशास्त्राला, सरावतासासह. पहिल्या गटात शेकडा ३९ पास झाले, दुसऱ्यात ४५, आणि तिसऱ्यात ५६. 'वरचे' गणित दिलेले विद्यार्थी 'खालचे' गणित दिलेल्यांहून अधिक संख्येने पास झाले. आणि पुढे पदवी मिळवण्यातही तेच सरस ठरले.

संख्याशास्त्र का, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. इंजिनियर व्हायचे असेल त्याला बीजगणित आणि कॅल्क्युलस यांवाचून गत्यंतर नाही. परंतु नर्स, समाजसेवक, शिक्षक यांना सरासरी, शेकडेवारी, शक्यता यांची गरज अधिक. सर्वांना एकाच बोळातून नेण्याचा हट्ट होता, तो सोडला.

कॅलिफोर्नियाने २०१७ साली याचा कायदाच केला. विद्यार्थ्याला पदवीत मोजले जाणारे गणित आणि इंग्रजी एका वर्षाच्या आत पुरे करण्याची जास्तीत जास्त संधी मिळाली पाहिजे, असे त्याचे सार. तो वरच्या वर्गात पास होण्याची शक्यता अगदीच थोडी आहे असे दाखवता आल्याखेरीज कॉलेजने त्याला खाली बसवू नये. आणि तो निर्णय शाळेतल्या कामगिरीवरून घ्यावा. २०१९ च्या शरद सत्रापासून हे सर्व कॉलेजांना लागू झाले. २०२२ साली आणखी एका कायद्याने ते अधिक घट्ट केले.

उणे दोनाचे बाळ

ताईच्या वर्गाचे नाव कागदोपत्री लांबलचक आहे. मी मनाशी त्याला 'जोडतास' म्हणू लागले. संख्याशास्त्राचे नेहमीचे तास, आणि त्याला जोडून आठवड्याला दोन तास अधिक. शिक्षक तेच, मुले तीच. गुरुवारी जे संख्याशास्त्र शिकायचे त्याला जेवढे जुने गणित लागेल, तेवढेच मंगळवारी काढायचे. वर्गमूळ लागणार असेल तर वर्गमूळ. ऋण संख्या लागणार असतील तर ऋण संख्या. अंकगणिताचा सारा डोंगर आधी चढायचा आणि मग संख्याशास्त्राचे दर्शन घ्यायचे, हा प्रकार नाही.

त्या मंगळवारी परीक्षेची उजळणी चालली होती. ताईने फळ्यावर नवजात बाळांच्या वजनाचे एक उदाहरण घातले. सरासरी ७.५ पौंड, प्रमाण विचलन, म्हणजे बाळे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे असतात त्याचे माप, १.२ पौंड. एका बाळाचे वजन ५.१ पौंड. तर ते सरासरीपासून किती मापे दूर? मुले चार-चारच्या टोळक्याने बसली होती. आमच्या टोळक्यात मीही होते. ५.१ मधून ७.५ वजा करताना एक पोरगा अडला. लहानातून मोठे कसे जाणार? मला शाळेतले दिवस आठवले. माझेही गाडे नेमके इथेच अडत असे, आणि मास्तर म्हणत, 'नियम पाठ कर.'

आमची विद्यार्थिनी त्या पोराला म्हणाली, "अरे, बाळ सरासरीच्या खाली आहे. किती खाली? २.४. खाली आहे म्हणून उणे." मग २.४ ला १.२ ने भागून तिने लिहिले, उणे २. आणि पेन्सिल तशीच धरून ताईला विचारले, "म्हणजे या बाळावर रात्री नीट नजर ठेवायला हवी. बरोबर ना?"

ताई म्हणाली, "तेच तर हे गणित सांगते."

मला जन्मात प्रथमच उणे चिन्हाचा अर्थ लागला. चाळीस उलटल्यावर लागला हे सांगायला लाज वाटते, पण लागला.

दिसणारी नापासी

इथवर वाचून हे सर्व सोपे आणि गोड आहे अशी कुणाची समजूत व्हायची. तशी ती होऊ नये म्हणून ताईच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे सांगितले पाहिजे. हे गृहस्थ तीस वर्षे अंकगणिताचा वर्ग मनापासून शिकवीत आले. त्यांचा वर्ग या कायद्याने गेला. ते मला म्हणाले, "ज्याला एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज येत नाही त्याला खोल पाण्यात टाकून वर दोन तासांची दोरी सोडायची, याला तुम्ही दया म्हणता? बुडणारे मी रोज पाहतो."

त्यांचे बोलणे पोकळ नव्हे. कॅलिफोर्नियात कॉलेजच्या गणितात थेट बसणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांचे प्रमाण थोड्या वर्षांत पाचांतल्या एकावरून चारांतल्या तिघांच्या वर गेले. पास होणाऱ्यांची एकूण संख्या खूप वाढली. पण त्या वर्गांत नापास होणाऱ्यांचीही वाढली. इंजिनियर आणि शास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्यांना थेट कॅल्क्युलसमध्ये बसवावे की नाही, यावर तर शिक्षकांत कडाक्याचे वाद झाले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे आठांतला एक हायस्कूलच्या गणितातही कच्चा निघतो, आणि त्यांतल्या पुष्कळांचे शाळेतले गुण मात्र उत्तम असतात, असे त्यात आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या, गुण सढळ हाताने वाटले गेले; तेव्हा शाळेच्या गुणांवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मी हे सारे ताईला बोलून दाखवले. तिने ते पाकीट पुन्हा काढले. (तिने ते फेकले नव्हते.) म्हणाली, "या वर्गात बत्तीस जणांनी नाव घातले. पंचवीस शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकतील. एकोणीस-वीस पास होतील. म्हणजे बारा-तेरा जण माझ्या डोळ्यांदेखत पडणार. मला त्यांची नावे ठाऊक आहेत, त्यांचे चेहरे ठाऊक आहेत. मला झोप येत नाही. जुन्या पद्धतीत मला छान झोप यायची. कारण संख्याशास्त्राच्या वर्गात जे पोहोचत ते गाळून आलेले असत. जे पोहोचत नसत, ते मी कधी पाहिलेच नव्हते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे बत्तीसही सगळे तळाच्या पायरीवरचे नव्हेत, म्हणून बाराशी त्यांची सरळ तुलना करू नकोस. ते खोटे होईल. पण एवढे ध्यानात ठेव. नापास झालेला दिसतो, न आलेला दिसत नाही."

मला वाटते, या सुधारणेचे मर्म एवढ्यात आले. जिना काढणे हा तिचा अर्धा भाग; मदत त्याच वर्गात आणून ठेवणे हा दुसरा अर्धा. जिथे कॉलेजांनी पहिला अर्धा तेवढा केला आणि जोडतासांचे पैसे वाचवले, तिथे त्या ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे खरे ठरणार. त्यांच्यासारखा, अपूर्णांक जीव ओतून शिकवणारा शिक्षक वर्गाबाहेर बसवायचा नसून जोडतासात आणायचा आहे. ताईने त्यांना तसे विचारलेही आहे. ते अजून रागावलेले आहेत.

निकाल

शेवटची परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस झाली. आमची विद्यार्थिनी त्या रात्री सुटी घेऊन झोपून आली होती. सोळा वर्षांत गणिताच्या परीक्षेला प्रथमच. दोन दिवस ताईने पेपर तपासले. मी चहा करून देत होते आणि पेपरांकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते.

पंचविसांतले एकोणीस पास झाले. उणे चिन्हापाशी अडलेला तो पोरगा नापास झाला. थोड्याच गुणांनी, पण नापास. त्याने पुढच्या सत्रात पुन्हा त्याच वर्गात नाव घातले. खाली कुठे जावे लागले नाही. आमची विद्यार्थिनी 'सी' श्रेणीत पास झाली. फार उज्ज्वल यश नव्हे. तिने निकाल पाहिला, आणि "हा मोजतात ना?" एवढेच विचारले. ताईने होय म्हणून सांगितले. मग ती कामावर गेली.

मी जूनमध्ये परत आले. आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मुलांसाठी मी बरीच वर्षे शनिवारी एक पूरक वर्ग घेत असे. ज्यांना सरळ परिच्छेद लिहिता येत नाही त्यांच्यासाठी. पहिल्या शनिवारी चाळीस यायचे, तिसऱ्या शनिवारी सात. स्टाफरूममध्ये मी त्या तेहतिसांना 'उदासीन' म्हणत असे. हा शब्द मी किती वर्षे वापरला! ते कुठे राहतात, शनिवारी कुणाच्या दुकानात काम करतात, हे मी एकदाही विचारले नव्हते. गेल्या वर्षापासून तो वर्ग बंद केला आणि त्यातले काम नेहमीच्या तासात आणले. ज्या पाठावर बोलायचे, त्याच पाठावर परिच्छेद लिहायचा, चार-चारच्या टोळक्याने तपासायचा. माझा अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. वर्गात गोंगाट होतो. शुद्धलेखनाच्या चुका अजून पुष्कळ आहेत. पण वह्या येतात. आणि ज्यांची वही येत नाही त्यांची नावे मला आता ठाऊक असतात.

मध्यंतरी ताईचा फोन आला होता. नर्सिंगच्या वर्गात जागा थोड्या आणि अर्ज फार. आमच्या विद्यार्थिनीचे नाव प्रतीक्षायादीत आहे. यादीत ती कितवी, असे मी विचारले. ताईने आकडा सांगितला आणि म्हणाली, "मागच्या महिन्यापेक्षा किती पुढे सरकली ते तूच काढ. वजाबाकीच आहे."

मी काढले. उत्तर बरोबर आले.